पिकअपचा ३१ इंची अँटेना काढून छोटा बसवताना

सुरुवातीलाच सांगतो, काम पाच मिनिटांचं आहे. जुनी दांडी फिरवून काढायची, नवीन फिरवून बसवायची, झालं. पण या पाच मिनिटांच्या कामात मी दोन अँटेने विकत घेतले, त्यातला एक वाया गेला, आणि कंपनीची जुनी दांडी तर कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून पण झाली होती, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

गाडी फोर्ड एफ-१५०, २०१८ ची. इकडे टेक्सासमधे, ह्यूस्टनजवळ, हिला ट्रकच म्हणतात. गावाकडे ट्रक म्हटलं की दहा चाकी डोळ्यासमोर येतो, मी ट्रक घेतला म्हटल्यावर आईने फोनवर विचारलं होतं, "मग क्लीनर पण ठेवलायस का रे?" तर पिकअप. उजव्या बाजूच्या पुढच्या फेंडरवर, म्हणजे आपल्या भाषेत मडगार्डवर, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्याजवळ एक काळी लांब दांडी उभी असते, ३१ इंचाची. टोयोटा टकोमाच्या जुन्या मॉडेलांवर पण असाच फेंडरवरचा अँटेना येतो, काम सगळीकडे सारखंच, फरक फक्त आट्यांचा, त्यावर पुढे येतो.

मला तो काढायचा होता कारण ऑफिसच्या पार्किंग गॅरेजची उंची सहा फूट आठ इंच. ट्रकचं छप्पर जातं आरामात. पण माझा ट्रक पुढून दोन इंच उचललेला आहे, त्यामुळे अँटेनाचं टोक छपराच्या वर निघतं आणि आत शिरलो की छताला लटकवलेल्या प्रत्येक पाटीला, प्रत्येक पाइपला टप, टप, टप, टप. तिसऱ्या मजल्यापर्यंत हाच तबला. शेजारच्या गाडीतून उतरणारी माणसं वळून बघतात. शिवाय कार वॉशच्या बोगद्यात शिरताना पोरगा दर वेळी सांगायचा की अँटेना काढून आत ठेवा नाहीतर ब्रश ओढून नेईल आणि जबाबदारी आमची नाही. दर शनिवारी हेच ऐकून कंटाळा आला राव.

मागच्या वर्षी बाबा आले होते साताऱ्याहून, ते म्हणाले एवढं काय त्यात, आपल्याकडे टेम्पोची एरियल मोडली की लोक कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून खुपसायचे आणि पुणे आकाशवाणीचं ७९२ मस्त लागायचं. तेव्हा मी हसलो, पण बाबांच्या हँगरमधे माझ्या पहिल्या अँटेनापेक्षा जास्त अक्कल होती हे नंतर कळलं. कारण हँगर निदान लांब तरी होता.

आता ३१ इंचच का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे पैसे वाचतील. एफएम रेडिओ इकडे साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधे चालतो, भारतात पण जवळजवळ तोच पट्टा. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी होते ३ मीटर. गाडीवर उभ्या केलेल्या दांडीला सिग्नल सगळ्यात छान मिळतो तो त्या लांबीच्या पावपट उंचीला, म्हणजे ७५ सेंटीमीटर, साडेएकोणतीस इंच. गाडीचा पत्रा खालून आरशासारखं काम करतो, त्यामुळे पूर्ण लहर उभी करायची गरज नसते. ३१ इंच म्हणजे ७८-७९ सेंटीमीटर, एफएमच्या पट्ट्याच्या बरोब्बर मधल्या भागाला जमणारी लांबी. म्हणजे ती दांडी डिझायनरला आवडली म्हणून तेवढी नाही, गणित करून तेवढी आहे.

एएमचा, म्हणजे मिडियम वेव्हचा, हिशोब वेगळा. ह्यूस्टनचं बातम्यांचं स्टेशन ७४० एएम, म्हणजे ७४० किलोहर्ट्झ. त्याच्या लहरीची लांबी चारशे मीटरच्या वर. तिचा पाव म्हणजे शंभर मीटर, एवढा अँटेना कुठल्या ट्रकवर उभा करणार? त्यामुळे एएमसाठी ३१ इंची दांडी मुळातच फार बुटकी आहे, ती फक्त हवेतलं थोडंसं व्होल्टेज चाखते आणि रेडिओ ते वाढवून घेतो. अशा बुटक्या दांडीला आणखी निम्मं केलं की सिग्नल निम्मा होऊन थांबत नाही, त्याच्याही खाली जातो, कारण उंची कमी होते आणि दांडीची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, पण कमी होते आणि उरलेलं केबल खाऊन टाकते. म्हणून छोट्या अँटेनाचा पहिला बळी नेहमी एएम. एफएम त्या मानाने चिवट.

आणि सिरियस एक्सएम, जीपीएस वगैरेची काळजी करू नका. सॅटेलाइट रेडिओ २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याचा पाव म्हणजे तीन-सव्वातीन सेंटीमीटर, म्हणून तो छपरावरच्या छोट्याशा फुगवट्यात मावतो. फेंडरवरची दांडी फक्त एएम-एफएमची. ब्लूटूथचा तर काही संबंधच नाही. एका मित्राने दांडी बदलली आणि फोनला रेंज येत नाही म्हणून दांडीलाच दोष देत बसला होता, त्याचा फोन एअरप्लेन मोडवर होता.

आता किती छोटा घ्यायचा. बाजारात तीन माप दिसतात. एक तीन-चार इंची ठोकळा, बंदुकीच्या गोळीसारखा किंवा बोल्टसारखा, दिसायला भारी. दुसरा सहा ते आठ इंची, वर रबर आणि आत तार गुंडाळलेली. तिसरा बारा-तेरा इंची, तोही बहुतेक गुंडाळलेल्या तारेचाच, लवचिक. ही तार गुंडाळण्याची युक्ती खरी आहे, सरळ तार स्प्रिंगसारखी गुंडाळली की कमी उंचीतही ती एफएमच्या पट्ट्याला जुळवता येते. पण जुळवणं वेगळं आणि हवेतून पकडणं वेगळं. उंची गेली की पकड गेली, गुंडाळून ती पूर्ण परत येत नाही. पाकिटावर "रिसेप्शनमधे काहीही फरक नाही" असं छापलेलं असलं तर ते लग्नाच्या बायोडेटातल्या "मनमिळाऊ स्वभाव" इतकंच खरं धरा.

आणि तो गोळीसारखा ठोकळा घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा की आत खरंच तार आहे का. पुष्कळसे नुसते भरीव ॲल्युमिनियमचे असतात, आत काही नाही, एक शोभेचा बोल्ट. विक्रेत्याने आत तांब्याची कॉइल असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजायचं.

मी अर्थातच पहिल्यांदा तोच घेतला. साडेतीन इंची, काळा, मॅट फिनिश. लावला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, ट्रक एकदम पैलवान दिसायला लागला. हिने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "अरे तुटला का अँटेना?" असो. शहरात एफएम ठीक लागत होतं. त्यात अँटेनाचं कर्तृत्व काही नाही, इथली बरीच एफएम स्टेशनं मिसुरी सिटीजवळच्या सिनिअर रोड टॉवरवरून सुटतात आणि तो टॉवर आहे सहाशे मीटर उंच, एवढ्या उंचीवरून कोणी ओरडलं तर बहिऱ्यालाही ऐकू जाईल. पण सॅन अँटोनिओच्या रस्त्याला लागलं की वाटेतल्या कोलंबस गावाच्या आसपासच खरखर सुरू, जिथे आधी बरंच पुढेपर्यंत आवाज स्वच्छ असायचा. पहिलं ८८.७ गेलं, म्हणजे पब्लिक रेडिओ, आणि ते पहिलं जाणं बरोबरच आहे, पट्ट्याच्या खालच्या टोकाला लहर लांब, तिला सर्वात जास्त उंची लागते. १००च्या पुढची स्टेशनं त्यामानाने जरा जास्त टिकली. आणि एएम म्हणाल तर भजी तळल्याचा आवाज.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, एएम ऐकतो कोण. मग ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन भागात वीस लाखांच्या वर ग्राहकांची वीज गेली, आमच्याकडे केटीला चार दिवस नव्हती. फोनला रेंज येऊन-जाऊन, डेटा तर नावालाच. दुसऱ्या रात्री मी ट्रकमधे जाऊन बसलो, म्हटलं फोन पण चार्ज होईल आणि बातम्या पण कळतील, पेट्रोल कुठे मिळतंय, पाणी कुठे वाटतायत. ७४० लावलं. माणूस बोलतोय हे कळत होतं, काय बोलतोय ते निम्मं गळत होतं. नेमकं नाव आलं की खर्रर्र. "पेट्रोल पंप... खर्रर्र... रोडवर चालू आहे." कुठल्या रोडवर बाबा?

जुनी दांडी मी टाकून द्यायला काढली होती, पण कचऱ्याच्या गाडीच्या माणसाने ती नेली नव्हती आणि हिने ती उचलून गॅरेजमधे मिरचीच्या रोपाला आधार म्हणून लावली होती. टॉर्च घेऊन गेलो, रोपाची माफी मागून दांडी उपसली, माती पुसली, फेंडरवर लावली. त्याच जागी, त्याच स्टेशनवर, माणूस शेजारच्या सीटवर बसल्यासारखा बोलायला लागला. त्या दिवसापासून माझं मत एकच, रोजच्या वापराला बारा-तेरा इंची लावा, साडेतीन इंची शोकेसमधे ठेवा, आणि कंपनीची दांडी मरेपर्यंत टाकू नका. मागच्या सीटखाली आरामात मावते, मी एका प्लास्टिकच्या पाइपात घालून ठेवलीय. गाडी लीजवर असेल तर परत करताना पण ती लागेलच.

आता प्रत्यक्ष काम.

विकत घेण्याआधी जुनी दांडी एकदा काढून बघा, फोटोवर विश्वास ठेवून ऑर्डर करू नका. कशासाठी, तर आटे बघायला. आटे कुठे आहेत ते पहिलं बघायचं, दांडीच्या बुडातून स्टड, म्हणजे आटे पाडलेला छोटा दांडा, बाहेर आलाय आणि बेसमधे, म्हणजे फेंडरवरच्या बैठकीत, भोक आहे, की उलटं, बेसवर स्टड उभा आहे आणि दांडीत भोक आहे. हे उलटसुलट घेतलं तर काहीच बसत नाही. मग स्टडची जाडी मोजायची, व्हर्नियर असला तर उत्तम, नसला तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यांच्या टेस्टिंगच्या पट्टीवर नट-बोल्ट लावून बघा, इकडच्या मोठ्या दुकानांत ती पट्टी भिंतीलाच टांगलेली असते. सगळ्या गाड्यांना चालणारे म्हणून जे अँटेने विकतात त्यांच्याबरोबर बहुतेक ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे स्टड येतात. पण सगळ्या ट्रकचे आटे मिलिमीटरमधेच असतील असं नाही, इंचातले पण असतात, आणि ते दोन फेरे आत जातात आणि मग अडकतात, तिथे जोर केलात की बेसचे आटे गेलेच समजा. म्हणून जमलं तर तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं नाव लिहिलेलाच अँटेना घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

नवीन आला की लगेच लावायची घाई करू नका. आधी जुन्यावर रेडिओ कसा लागतो ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर नुसतं वाटत राहतं, आधी बरं होतं की काय. मी घरासमोर एका ठरावीक जागी ट्रक उभा करून पाच स्टेशनं लिहिली, दोन जवळची एफएम, दोन लांबची एफएम, एक एएम. प्रत्येकापुढे स्वच्छ, थोडी खरखर, किंवा नाही. रात्री अंधार पडल्यावर एएमची अजून एक परीक्षा घेता येते, रात्री मिडियम वेव्हच्या लहरी आकाशातून परत फिरून शेकडो मैल जातात, त्यामुळे ह्यूस्टनमधे बसून न्यू ऑर्लीन्सचं ८७० किंवा सॅन अँटोनिओचं १२०० ऐकून बघा. जुन्या दांडीवर लागत असतील तर नव्यावर किती उरतात ते कळेल. आणि हो, परीक्षेच्या वेळी सिगारेट लायटरच्या भोकातला स्वस्तातला यूएसबी चार्जर काढून ठेवा. ते चार्जर एएमवर भयंकर गुणगुणतात, आणि अँटेना छोटा झाला की स्टेशनचा आवाज खाली येतो पण चार्जरची गुणगुण तेवढीच राहते, मग माणसाला वाटतं अँटेनाच खराब आहे.

रेडिओ आणि गाडी बंद करा. शॉक वगैरे काही बसत नाही, पण सवय चांगली. फेंडरवर एक जुनं फडकं किंवा टॉवेल टाका, पाना निसटला तर थेट रंगावर पडतो आणि मग बारा डॉलरच्या अँटेनापायी पाचशे डॉलरचं पेंटिंग. दांडी बुडाशी, अगदी खाली धरा, वरून धरून फिरवलीत तर ती वाकते आणि आटे तिरके ओढले जातात. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. बऱ्याचदा हातानेच सुटते. नाही सुटली तर रबरी हातमोजा घालून बघा, डब्याचं घट्ट झाकण उघडायला रबरबँड लावतात ना, तोच प्रकार. तरीही हलली नाही तर बुडाशी पाना बसेल असा चपटा किंवा षटकोनी भाग असतो, त्याला बरोबर मापाचा छोटा पाना लावा. पक्कड लावायची वेळ आलीच तर मधे कापड घ्या.

माझी अडकली होती. सहा वर्षांची धूळ, पाऊस आणि मेक्सिकोच्या आखाताकडची खारट दमट हवा, आट्यांत पांढरट भुकटी जमलेली. स्टड आणि बेस वेगवेगळ्या धातूंचे असले आणि मधे ओल राहिली की हे होतंच. बुडाशी दोन थेंब गंज सोडवायचं तेल टाकलं, चहा पिऊन आलो, आणि मग सरळ उघडायच्या ऐवजी आधी एक बारीकसा झटका घट्ट करायच्या दिशेने दिला आणि मग उलट. कट्ट असा आवाज झाला आणि सुटली. तो आवाज ऐकला तेव्हा छातीत धस्स झालं, वाटलं मोडला स्टड. मोडला नव्हता. घट्ट करायचा झटका खरंच बारीक द्या, पाव फेरासुद्धा नको.

दांडी हातात आलीच आहे तर एक गोष्ट बघा, तिच्यावर खालपासून वरपर्यंत वेलीसारखी एक बारीक तार किंवा कड गुंडाळलेली असते. पुष्कळांना वाटतं ती सिग्नलसाठी आहे. ती वाऱ्यासाठी आहे. गुळगुळीत गोल दांडीवरून वारा गेला की ती शीळ घालते, ती कड असली की वारा तुटक तुटक होतो आणि शीळ बंद. कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर वरच्या बाजूला अशीच वळणदार पट्टी दिसते, तीही वाऱ्याचाच बंदोबस्त करायला.

आता बेसचं तोंड साफ करा. जुना टूथब्रश, कोरडा, आट्यांमधून फिरवा, पांढरी भुकटी जास्त असेल तर बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून हलकेच. पाणी मारू नका, आत केबल आहे. सगळ्या सिग्नलचा रस्ता याच आट्यांमधून जातो, त्यामुळे इथे मळ राहिला तर सोन्याचा अँटेना लावून पण उपयोग नाही. नंतर फडक्याने पुसून घ्या.

नवीन अँटेनाबरोबर सुटा स्टड आला असेल तर तो आधी अँटेनाच्या बुडात घट्ट बसवा, मग दोन्ही मिळून बेसमधे. उलटं केलं, म्हणजे स्टड आधी बेसमधे घातला, तर पुढच्या वेळी अँटेना निघतो आणि स्टड आतच राहतो. काहींना बाजूला एक बारीक स्क्रू असतो, चोरी होऊ नये म्हणून, तो छोट्या ॲलन कीने आवळायचा, सगळ्यात शेवटी.

बसवताना सुरुवातीचे दोन-तीन फेरे फक्त बोटांनी. पाना हातात घ्यायचाच नाही. आटा तिरका चढला तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. एक युक्ती सांगतो, आधी अँटेना उलट दिशेने हळूहळू फिरवा, एका जागी तो टिक करून किंचित खाली बसल्यासारखा होतो, तिथून सुलट फिरवायला लागा, आटा सरळच पकडतो. भारतात गॅरेजवाले बोल्ट लावताना हेच करतात, फक्त कोणी समजावून सांगत नाही.

तळाशी गेला की हाताने घट्ट, वर पान्याने अगदी आठवा भाग फेरा, बस. लॉकटाइट वगैरे, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा गोंद, लावू नका, तो आट्यांमधला संपर्क पण बिघडवतो आणि पुढे जुनी दांडी परत लावायची वेळ आली तर रडवतो. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या कडेला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या, ग्रीसचं एक पातळ बोट फिरवलं तर चालतं, आट्यांमधे थापायचं नाही. आणि एक बघा, अँटेनाचा खालचा रुंद भाग बेसच्या प्लास्टिकच्या टोपीवर आधीच टेकतोय का. टेकत असेल तर बाहेरून घट्ट वाटतो पण आत आटे पुरते बसलेलेच नसतात. माझ्या दुसऱ्या अँटेनाचं हेच झालं, मस्त बसलाय असं वाटत होतं, रेडिओ मात्र मुका. काढून थोडा लांब स्टड लावला आणि लगेच बोलायला लागला. उलट स्टड जास्तच लांब असेल तर खाली फट राहते, तिथून पाणी शिरतं, तेव्हा बरोबरीच्या लांबीचा निवडा.

मग परत त्याच जागी ती पाच स्टेशनं. माझ्या तेरा इंचीवर जवळची दोन्ही एफएम होती तशीच, लांबच्यातलं एक होतं तसंच आणि एक थोडं खरखरीत, एएम ७४० ऐकण्यासारखं पण पूर्वीइतकं भरीव नाही. सॅन अँटोनिओचं १२०० रात्री अधूनमधून. एवढं मला मान्य आहे, कारण पार्किंगमधला तबला बंद झाला. सिग्नल हळूहळू कमी झाला की एफएम आधी स्टीरिओचं मोनो होतं, आवाज चपटा वाटायला लागतो, खरखर त्यानंतर येते, तेव्हा नुसतं "लागतंय" यावर जाऊ नका, गाणं लावून बघा. एचडी रेडिओ, म्हणजे साध्या स्टेशनबरोबरच डिजिटल सिग्नल पकडणारा रेडिओ, असेल तर तो डिजिटल आणि साध्यामधे उड्या मारायला लागतो, आणि एचडी-२ वरची, म्हणजे फक्त डिजिटलमधे येणारी जादा स्टेशनं तर सरळ गप्पच होतात, त्यांना मागे साधं काही नसतंच पडायला. तुमची देशी गाणी एचडी-२ वर लागत असतील तर तेरा इंचांच्या खाली जाऊच नका.

सगळंच बेसूर लागलं, जवळचं एफएम पण, तर तो छोटेपणाचा दोष नाही, संपर्क लागलेला नाही. काढा, साफ करा, परत लावा. त्यानेही नाही झालं तर जुनी दांडी लावून बघा, तिच्यावरही मुकं असेल तर गडबड बेसमधे किंवा केबलमधे. मधे जोडायचे छोटे ॲम्प्लिफायर मिळतात, मी नाही लावणार, ते स्टेशनबरोबर खरखर पण तेवढीच मोठी करतात.

स्टड बेसमधे मोडलाच तर मग पाच मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. बेस बदलायला चाकाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर काढावं लागतं, खालून नट सोडावा लागतो, आणि केबल डॅशबोर्डकडे जाते तिथपर्यंत मागोवा घ्यावा लागतो. हात चालत असतील तर करा, नाहीतर गॅरेजला द्या. म्हणून परत सांगतो, जोर नको.

जुनीच दांडी करवतीने अर्धी कापायचा सल्लाही मिळतो, फुकटात छोटा अँटेना. करू नका. कापलेलं टोक डोळ्याच्या उंचीवर येतं, आणि दांडीच्या टोकाला कंपनीने गोळी उगाच बसवलेली नसते. शिवाय आत गुंडाळलेली तार नाही, त्यामुळे तो नुसता तोकडा होतो, एफएमला जुळलेला राहत नाही. आणि परत फिरायचा रस्ता बंद.

भारतात वाचणाऱ्यांसाठी एवढंच की छपरावरची दांडी असेल तरी हीच कृती, आटे मोजा, बोटांनी लावा. फक्त बेसमधे ॲम्प्लिफायर असू शकतो, तो उघडत बसू नका. मुंबईचं ५५८ नाहीतर पुण्याचं ७९२ घरात ज्येष्ठ मंडळी ऐकत असतील तर दांडी छोटी करण्याआधी त्यांना विचारा. आणि ते डबल टेपने चिकटवायचे शार्कच्या पंखासारखे अँटेने, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आत वायरच नसते, तो नुसता दागिना आहे. ते चिकटवून खरी दांडी काढून टाकलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्यात.

दोन-तीन आठवड्यांनी एकदा हाताने हलवून बघा, ट्रकच्या थरथरीने सैल होतो. माझा पाव फेरा सुटला होता, परत आवळला, तेव्हापासून हललेला नाही. मिरचीच्या रोपाला आता बांबूची काठी लावलीय.